पन्नाशीतला धीटपणा जातो कुठे?

पन्नाशी आली की बायका भांडायला लागतात, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तो हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली आहे, त्यामुळे धरणातली पाण्याची पातळी सांगावी तसं सांगतो. त्याच्या सिद्धांताला पक्का पुरावा मिळाला तो आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत.

सोसायटीच्या समितीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्या जागांवर नावं बायकांची, सह्या बायकांच्या आणि बैठकीला नवरे, असा बिनबोभाट कारभार चालायचा. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण उठली. आजवर सभेत तिचं काम चहाचे कप मोजण्याचं. तिनं विचारलं, "टँकरवर एवढा खर्च दाखवलाय, त्याची बिलं कुठायत?" अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, ते आपण नंतर बघू." ती म्हणाली, "नंतर कशाला? आत्ताच बघू. मी थांबते. माझा स्वयंपाक झालाय."

स्वयंपाक झालाय! सभा पुढे दीड तास चालली. बिलं निघाली, त्यातली काही गडबडीत केलेली होती तीही निघाली, आणि खाली पार्किंगमध्ये नवऱ्यांचा एक गट गंभीर चेहऱ्यानं उभा होता.

या बाईला मी खूप वर्षं ओळखते. रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले तर देऊन टाकणारी आणि मी वाद घालायला लागले तर "जाऊ दे गं" म्हणून मलाच ओढून नेणारी. तिला झालं काय? बिल्डिंगमध्ये दुसऱ्या दिवशी निदान तयार होतं: मेनोपॉज. पुरुष हा शब्द कुजबुजत बोलतात, बायका हसत. आमच्या आयांच्या पिढीत "पाळी जायच्या वेळेला डोकं फिरतं" असं सरळच म्हणायचे. अंगातून निघणाऱ्या वाफा, तुटक झोप, चिडचिड हे सगळं खरं आहे. मी त्यातून गेले आहे, आणि ऐन थंडीत पंखा पाचवर ठेवून शेजारी गोधडीत गुंडाळलेला नवरा पाहिला आहे. पण रात्री तीन वाजता होणारी चिडचिड वेगळी आणि भर सभेत उठून बिलं मागणं वेगळं. बिलं मागायला डोकं थंड लागतं.

अमेरिकेतल्या ओकलंडच्या मिल्स कॉलेजातून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या सुमारे १४० मुलींचा माग रॅव्हेना हेल्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे कित्येक दशकं काढला. त्या मुली चाळिशीत आल्या, पन्नाशी ओलांडून गेल्या, हेल्सनबाई प्रश्नावल्या पाठवतच राहिल्या. त्यांना दिसलं असं की चाळिशीच्या सुरुवातीला या बायकांची चांगलीच घालमेल झाली होती, पण पन्नाशीच्या पलीकडे त्या जास्त ठाम झाल्या होत्या. निर्णय झटकन घ्यायच्या, दुसऱ्याच्या तोंडाकडे कमी बघायच्या, स्वतःला कमी बोल लावायच्या. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाळी गेली की नाही, मुलं घरातून गेली की नाही, म्हाताऱ्या आईवडिलांचं करावं लागतंय की नाही, यातल्या कशावरच हा बदल अवलंबून दिसला नाही. पार्किंगमधल्या डॉक्टर मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं.

आपण "स्वभावाला औषध नाही" म्हणतो आणि विषय संपवतो. अमेरिकेत विल्यम जेम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १८९० साली साधारण हेच लिहून ठेवलं होतं, की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव घट्ट बसतो, पुढे हलत नाही. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचा दीर्घकाळ माग काढणारे ९२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्वभाव तिशीनंतरही चांगलाच बदलत राहतो असं दिसलं. नेटकेपणा वाढतो, मन जरा स्थिर होतं. सरासरीनं, अर्थात. आमचे अध्यक्ष त्या सरासरीत बसत नाहीत.

मग ते मिडलाइफ क्रायसिस, मधल्या वयात माणूस सैरभैर होतो म्हणतात ते, कुठं गेलं? हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकांनी १९६५ साली एका लेखात वापरला. त्यांनी बघितले होते चित्रकार, संगीतकार, लेखक: पस्तिशीच्या आसपास मरणाची जाणीव होऊन ज्यांचं काम एक तर थांबलं किंवा बदललं असे. पुढे त्यातून लाल गाडी आणि तरुण मैत्रीण असं एक कार्टून तयार झालं. आमच्या ओळखीत एकानं पन्नाशीत बुलेट घेतली हे खरं आहे, पण तो तिच्यावरून आईला फिजिओथेरपीला नेतो. आरशासमोर एकट्यानं उभं राहून आयुष्याचा हिशेब मांडायला आपल्याकडे आरसा मोकळा सापडायला तर हवा. मधल्या वयात घरात एक म्हातारी खोकत असते, एक पोर परीक्षेला बसलेलं असतं, गावाकडून जमिनीच्या वाटणीचा फोन आलेला असतो आणि आते-मामेभावंडांत कुणाचं काय झालं ते सगळ्यांना कळवायचं काम न सांगता आपल्याकडे आलेलं असतं. पूर्वी मोठी आत्या फोन करायची. आता मी करते.

धर्मशास्त्राकडे वळावं तर तिथंही मजाच आहे. मनुस्मृती म्हणते, अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाचं मूल दिसलं की गृहस्थानं अरण्याची वाट धरावी. आणि त्याच्या बायकोनं? तिला मुलांच्या हवाली करावं, नाहीतर बरोबर घेऊन जावं, असं पुढच्याच श्लोकात आहे. म्हणजे उतारवयाचा नकाशा त्याचा, ती त्याच्या सामानात.

हा विषय डोक्यात आला की मला देवराष्ट्रे आठवतं. माझं माहेर विट्याकडचं, तिथून देवराष्ट्रे फार लांब नाही. लहानपणी ते फक्त यशवंतराव चव्हाणांचं गाव म्हणून माहीत होतं. त्यांच्या आधी अर्धशतक त्याच गावात कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अकराव्या वर्षी, १८७३ साली, तिचं लग्न झालं आणि ती रमाबाई रानडे झाली. नवरा माधवराव, पुढे न्यायमूर्ती झालेले, तेव्हा बत्तिशीच्या आसपासचा, विधुर, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, पण वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून या पोरीशी लग्न केलेला. माधवराव तिला रात्री शिकवायचे आणि दिवसभर घरातल्या थोरल्या बायका त्या शिकण्यावरून टोमणे मारायच्या. नवऱ्याची शिकवण अशी, की उलट उत्तर द्यायचं नाही. बोलणी ऐकून घ्यायची आणि अभ्यास सोडायचा नाही. रमाबाईंनी हे वर्षानुवर्षं केलं.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळच्या हिशेबानं संपलं सगळं: लाल अलवण, एक खोली, एकभुक्त. पहिलं वर्ष त्यांनी जवळपास एकांतातच काढलं. आणि मग त्या बाहेर आल्या त्या अशा, की आधीच्या बाईची ओळख पटू नये. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं ते त्यांच्या स्वतःच्या वाड्यात. तिथून त्यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससूनला पाठवलं, तेही सोवळ्यातल्या घरांतल्या विधवांना. परक्या रोग्याच्या अंगाला हात लावणं म्हणजे हलकं काम, असं समजलं जाण्याचा तो काळ. येरवड्याच्या तुरुंगात त्या स्त्री-कैद्यांना भेटायला जायच्या. पुढे पुण्यात मुलींनाही मुलांबरोबर सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून चळवळ झाली, तेव्हा साठीला टेकलेल्या रमाबाई पुढे होत्या. निमूट ऐकून घेणाऱ्या सुनेचा हा शेवटचा वीस-बावीस वर्षांचा पट.

त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. मी ते दोनदा वाचलं आहे आणि दोन्ही वेळा शेवटाशी चिडले आहे. पुस्तक न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं. लिहिणारी बाई एव्हाना संस्था चालवते आहे, परिषदांचं अध्यक्षपद भूषवते आहे, पण 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' म्हणताना आयुष्य नऊ वर्षांपूर्वीच संपलं, असा हिशेब. आयुष्याच्या मधल्या टप्प्यावर बसून लिहिलेल्या पुस्तकात मधला टप्पाच नाही. विनय असेल, रीत असेल. मला वाटतं, या नव्या बाईबद्दल लिहायचं कसं, याचा नमुनाच त्यांच्यासमोर नव्हता.

डेव्हिड गटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतले नावाहो, मेक्सिकोतले माया आणि पश्चिम आशियातले द्रुझ अशा एकमेकांपासून लांबच्या समाजांतली उतारवयाची माणसं अभ्यासली आणि म्हटलं, की सगळीकडे बायका वयाबरोबर धीट होतात, पुरुष मऊ होतात. कारण त्यांच्या मते असं, की मुलं लहान असताना निसर्ग दोघांना कामं वाटून देतो, आईनं सोसायचं, बापानं लढायचं. मुलं मोठी झाली की दोघंही आपापला दाबून ठेवलेला भाग बाहेर काढतात. निरीक्षण मला पटतं, आमच्याच घरात दिसतं. कारण पटत नाही. रमाबाईंना पोटचं मूल नव्हतं. हेल्सनबाईंच्या पाहणीतही मुलांच्या जाण्याचा संबंध लागला नव्हता. मुलं हा मुद्दा नसावाच. इतकी वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढल्यावर एके दिवशी आजूबाजूला बघावं आणि वर कुणी उरलेलंच नसावं, असं काहीतरी ते असावं.

आता सासूबाईंचं सांगते.

मी १९९६ साली या घरात आले, तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या, म्हणजे मी आज आहे जवळपास तेवढ्याच. त्यांच्याबद्दल नातेवाईक एकमुखानं सांगायचे, की फार सोशीक बाई, सासूपुढे पंचवीस वर्षं तोंड उघडलं नाही. मला भेटलेल्या बाई या वर्णनात कुठंच बसत नव्हत्या. माझ्या सासूबाईंच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या आणि किल्ल्यांचा जुडगा या कमरेला आला होता. मी गॅसवर काही ठेवलं की मागून येऊन आच कमी करायच्या, काही न बोलता. मी मोठी करायची, त्या पुन्हा कमी करायच्या. एका आमटीला चार-पाचदा हे चालायचं. कणीक मळून झाली की अंगठ्यानं दाबून बघायच्या आणि त्या खळग्याकडे नुसत्या बघत राहायच्या. डब्यांची झाकणं कोणत्या डब्याला कोणतं, याचा त्यांचा एक कायदा होता आणि तो मला दोन वर्षं कळला नाही. मी माहेरी फोन केला की त्या वेळी नेमकं दाराशी काहीतरी झटकायचं काम निघायचं. छळ नव्हता हा, पण जरब होती, आणि दिवसाचे सोळा तास होती.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, टीव्ही बंद, त्यामुळे गप्पा भरपूर. मी त्यांना सोसायटीच्या सभेचा किस्सा सांगितला. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "मलाही त्या वयात असाच जोर आला होता गं. वाटायचं, काहीतरी चालवावं. भजनी मंडळाच्या बायका चिटणीस हो म्हणून मागं लागल्या होत्या. वर्गणी, हिशेब, मुंबईला स्पर्धेला न्यायचं. यांनी नको म्हटलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तू आलीस."

मला हसू आलं आणि त्याच दमात संतापही. दोन्ही अजून आहेत. अठ्ठावीस वर्षं मी ज्याला त्यांचा स्वभाव समजत होते, ती एक चिटणीसपदाची जागा होती, न मिळालेली. हिशेब ठेवायला वर्गणी नव्हती म्हणून झाकणांचा ठेवला. न्यायला मंडळ नव्हतं म्हणून मला नेलं. माझी ती वर्षं यानं भरून येत नाहीत, आणि येतात असं मी म्हणणारही नाही.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा मधल्या वयाचा. या वयात माणूस एक तर पुढच्यांसाठी काहीतरी घडवतो, मुलं, माणसं, संस्था, काम, नाहीतर स्वतःतच साचत जातो. मांडणी मोठी आहे आणि एरिक्सन ती घेऊन अहमदाबादपर्यंत आले. १९१८ च्या गिरणी संपातल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गांधींवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्यात साचणं हे त्या माणसाचं अपयश वाटत राहतं. सासूबाईंकडे बघून मला ते तसं वाटत नाही. जोर सगळ्यांना येतो. तो घेऊन जायला उंबऱ्याबाहेर एखादी जागा आहे का, हा खरा प्रश्न. रमाबाईंकडे वाडा होता, नाव होतं, नवऱ्याचे मित्र होते. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं, त्यांच्या जोराला घरातली सून सापडली. महाराष्ट्रातल्या खाष्ट सासूबद्दल आपण इतकं ऐकलंय, इतक्या ओव्या त्यावर आहेत, पण ती नेमकी त्याच वयात खाष्ट का होते, हे कुणी फारसं विचारलेलं नाही.

आणि जागा मिळाली की काय होतं, तेही बघितलंय. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. माझी वहिनी चव्वेचाळिसाव्या वर्षी गावची सरपंच झाली. पहिलं वर्ष तिचा फोन माझा भाऊच उचलायचा आणि "बोला, सरपंचच बोलतोय" म्हणायचा. दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकानं तिला न विचारता ठराव लिहिला, तिनं तो भरसभेत वाचायला लावला, आणि त्या संध्याकाळपासून फोन तिच्या कमरेच्या पिशवीत गेला. तिच्या सुनेशी तिचं बरं चाललंय. सुनेकडे लक्ष द्यायला तिला वेळच नाही.

पुरुषांचं मात्र अवघड आहे. हे लिहिताना मी नवऱ्याला विचारूनच लिहिते आहे.

तो दोन वर्षांत अठ्ठावन्नचा होईल आणि निवृत्त होईल. एके काळी हा माणूस घरात आला की मुलगी रेडिओ बारीक करायची. आता तो जाहिराती बघताना रडतो. मुलगी बंगळूरला नोकरीला गेली, तेव्हा मी स्टेशनवर डब्याचं झाकण घट्ट लावलंय ना ते बघत होते आणि हा खांबाआड उभा होता. बहिणीला दर रविवारी फोन करतो, ज्या बहिणीशी दहा वर्षं फक्त भाऊबीजेपुरतं बोलणं होतं. पण या हळवेपणाचं करायचं काय, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. सकाळी टेकडीवर त्यांचा एक कट्टा जमतो. शुगर, पेन्शन, पक्षफुटी. तिथं एकाचा मुलगा वर्षभर घरी बोलत नाहीये, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कुणीही त्याला एक शब्द विचारलेला नाही. "विचारायचं कसं?" नवरा म्हणतो. त्याला खरोखरच कळत नाही.

त्याच्या मऊपणाला सध्या जागा मिळाली आहे ती आईच्या खोलीत. सासूबाईंचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, आणि माझी तेव्हा सोसायटीच्या हिशेबांसाठी धावपळ चालू होती, म्हणून एका सकाळी यानं कंगवा हातात घेतला. सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही. "बायकोची कामं करतोस, लाज नाही वाटत?" त्याला नाही वाटली. तेलाची वाटी कोमट करून आणतो, गुंता खालून सोडवत वर येतो, तीन पेड घालतो आणि मधलं पेड दर वेळी सैल सोडतो. त्या आरशात बघतात, "वाकडी आहे, सोड," म्हणतात. तो सोडतो. पुन्हा घालतो. पुन्हा वाकडी. परवा तर तिसऱ्यांदा सोडायला लावली आणि वर मला हाक मारून सांगितलं, "याला काही येत नाही, तरी तू मध्ये पडू नकोस."